शंभरावर अडलेला काटा

खोली बघायला गेले तेव्हा सरांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दारात उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे मिक्सर आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"संध्याकाळी तो चालणार नाही. चोकवाली ट्यूबलाइट चालणार नाही. स्वस्तातले एलईडी दिवे तर मुळीच नाहीत. त्यांची घरघर वायरीतून खाली येते. बाकी घर तुमचंच समजा."

त्यांच्या पाठीमागून त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, मला हातानं खुणावत होत्या, घ्या, घ्या. मी खोली घेतली. उमरखेडच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला मी नुकतीच यवतमाळहून आले होते. सर त्याच कॉलेजात फिजिक्स शिकवत. तेव्हापासून त्या घरात मी चटणी पाट्यावर वाटली आणि पिवळ्या बल्बखाली पेपर तपासले. खालच्या हॉलमध्ये जे चाललं होतं त्याला माझ्या मिक्सरचा उपद्रव होऊ नये, एवढंच माझ्याकडून अपेक्षित होतं.

हॉलमध्ये सरांचा संच होता. सागवानाच्या कपाटाएवढे दोन स्पीकर, रेकॉर्ड वाजवायची तबकडी, आणि त्यांनी स्वतः जुळवलेला अँप्लिफायर. त्यात जुन्या काळच्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह होते. सुरू केला की ते हळूहळू लालसर उजळत. तोवर बोलायचं नाही, असा नियम होता. पाहुणा आला की सर त्याला स्पीकरजवळ बसवत आणि कान लावायला सांगत.

"काई ऐकू नाई येत, सर," पाहुणा म्हणे.

"तेच ऐका. गाणं नंतर. आधी शांतता तपासा."

ही शांतता माझ्यासकट सगळ्या स्टाफनं ऐकलेली होती. आमचे प्राचार्य तर एकदा ती ऐकता ऐकता खुर्चीतच झोपले. सरांना त्याचा अभिमान वाटला.

आवाज स्वच्छ हवा, हा त्यांचा ध्यास नुसता यंत्रापुरता नव्हता. आमच्या स्टाफरूममध्ये मोकळंढाकळं वऱ्हाडी चालायचं. सर मात्र छापल्यासारखं बोलत आणि दुसऱ्याचं दुरुस्त करत. ऑफिसातले मामा, म्हणजे आमचे शिपाई, चहा घेऊन आले आणि म्हणाले, "सर, मले सुट्टी पायजे उद्या," की सर कपाकडे बघत म्हणत, "मला. पाहिजे." मामा निमूटपणे म्हणत, "मला पाहिजे." आणि बाहेर गेल्यावर दारातून माझ्याकडे बघून हसत. दमून आल्यावर माझ्याही तोंडून घरचं "मले" निघायचं. मराठीची शिक्षिका असून फिजिक्सच्या सरांकडून मी ते किती वेळा दुरुस्त करून घेतलं असेल, सांगता येत नाही. त्यांच्या बोलण्यात मात्र कधी एक कानामात्रा इकडची तिकडे झाली नाही. इतकं सांभाळून बोलणारा माणूस काहीतरी झाकत असावा, हे मला फार नंतर सुचलं.

संचात एकच गोष्ट नव्हती. ट्यूनर.

ट्यूनर म्हणजे काय ते स्टाफरूमला समजावताना सरांची दमछाक झाली. ते म्हणत, रेडिओत दोन कामं असतात, एक स्टेशन पकडायचं आणि दुसरं ते मोठ्यानं ऐकवायचं. ऐकवायला माझ्याकडे अँप्लिफायर आणि स्पीकर आहेत. मला फक्त पकडणारं यंत्र हवं आहे, तेही व्हॉल्व्हचं.

"म्हंजे मुका रेडिओ," मामा म्हणाले.

"मुका नाही, मामा. तो दुसऱ्याच्या तोंडून बोलतो."

हा मुका रेडिओ निवडण्यात त्यांनी दोन पावसाळे घालवले. लोकांनी घरातले जुने रेडिओ आणून दिले. बोरी अरबहून एका माजी विद्यार्थ्यानं आजोबांचा रेडिओ पोत्यात घालून एसटीनं आणला. सरांनी तो फडक्यानं पुसला, पाठ उघडून आत बघितलं आणि परत बांधून दिला. "उत्तम आहे. पण ह्याच्यावर एफएम नाही. आपल्याकडे व्हॉल्व्हच्या काळात एफएम नव्हतंच. परदेशातला शोधावा लागेल."

मग नागपूरच्या, हैदराबादच्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांना फोन सुरू झाले. अमेरिकन एक होता, पण त्याला एकशेदहा व्होल्ट लागत, म्हणजे वेगळा ट्रान्सफॉर्मर आला, आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. जपानी एकाचं खोकं गंजलेलं. एकाचा आवाज फोनवरूनच त्यांना "सर्दी झाल्यासारखा" वाटला. हैदराबादला जाऊन त्यांनी एका दुकानात पेन्सिलीनं प्रत्येक व्हॉल्व्हवर टिचकी मारून बघितली. टिचकीचा आवाज स्पीकरमधून आला की तो व्हॉल्व्ह नापास. दुकानदारानं शेवटी पेन्सिल मागून घेतली म्हणे.

"सर पोरीले स्थळ पाहून राह्यले," स्टाफरूममध्ये म्हणत.

काकूंना ह्या सगळ्याचं काही वाटत नसे. त्या पाठदुखीचं तेल लावत म्हणायच्या, "दुसऱ्याचे नवरे दारू पितात. आमचे शांतता ऐकतात. जाऊ द्या न."

शेवटी जर्मन ट्यूनर ठरला. फोटो त्यांनी मला मुद्दाम वर येऊन दाखवला. गडद लाकडाचं खोकं, हस्तिदंती रंगाची बटनं, लांबलचक काच, आणि काचेच्या कोपऱ्यात हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं की त्या डोळ्याच्या पापण्या मिटत येतात, असं त्यांनी सांगितलं. सांगताना चेहरा असा होता की माझ्यानं हसवलं नाही. त्या डोळ्यावर ते भुलले होते. दोन पावसाळे पेन्सिल घेऊन फिरलेला माणूस काचेवरचे आकडे वाचायला विसरला, त्याचं दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

ट्यूनर आला तो व्हॉल्व्ह वेगळे काढून, सरकीच्या कापसात गुंडाळून. तो कापूस मात्र इथूनच गेला होता. नुसत्या कागदावर सरांचा विश्वास नव्हता, म्हणून व्यापाऱ्याला त्यांनी पिशवीभर कापूस आधी पाठवून दिलेला. आणि तो कापूस आत्यांनी आणलेला होता.

आत्यांबद्दल आता सांगायला हवं.

महिन्या-दोन महिन्यांनी बाजाराच्या दिवशी एक वयस्क बाई मागच्या दारानं येत. अंगात आरसे जडवलेली काचळी, घेरदार फेटिया, हातात कोपरापर्यंत बांगड्या. महागावच्या पलीकडच्या बंजारा तांड्यावरून येत. डोक्यावर कधी तुरीची डाळ, कधी कापूस. स्वयंपाकघरात काकूंसमोर फतकल मारून बसत आणि दोघींचं गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, मोठमोठ्यानं सुरू होई. तेव्हा हॉलमधून सर उठत आणि मधलं दार लोटून घेत. मला त्यांनी सांगितलं होतं, "गावाकडच्या आहेत एक. धान्य देतात."

एकदा मी चहाला खाली गेले असताना त्या बाईंनी मला आपल्या शेजारी बसवून घेतलं. "आव, बेस," म्हणाल्या, आणि मग मराठीत, "माह्या भियाच्या घरी राह्यतं न तू? मंग तू आमचीच." भिया म्हणजे भाऊ. मी काकूंकडे बघितलं. काकू चहा गाळण्यात फार गुंतल्या होत्या.

सरांची सख्खी थोरली बहीण. सरांच्या सासरी गेलेल्या मुलीची आत्या, म्हणून मीही आत्या म्हणू लागले. सरांसमोर कधी विषय काढला नाही. त्यांनी दार लोटलं की मीही ते लोटलेलं आहे असं धरून चालायची.

ट्यूनर आल्यावर सरांनी तो जोडला. काचेच्या मधोमध नांदेडकडचं एक स्टेशन लागलं आणि हिरवा डोळा खरोखरच मिटत आला. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. निवेदिकेनं बोलायच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा हॉलमध्ये घेतल्यासारखा वाटला. यवतमाळचं स्टेशन लांबचं, ते स्वच्छ यायला उंच अँटेना हवी. ती गच्चीवर चढवायची ठरली, आणि मग सर्वांना बोलवायचं. यवतमाळहून रविवारी संध्याकाळी शास्त्रीय गायन लागतं. सरांनी प्राचार्यांसह सगळ्या स्टाफला आमंत्रण दिलं.

तेच काकूंनी आत्यांना दिलं. शास्त्रीय गायनाच्या आधी अर्धा तास लोकगीतं लागतात, आणि त्या रविवारी तिथं आत्या गाणार होत्या. तांड्यातल्या बायकांना घेऊन त्या यवतमाळला रेकॉर्डिंग करून आल्या होत्या. भावाला त्यांनी सांगितलं नव्हतं.

"त्याहिले एकदम ऐकवू," काकू माझ्याजवळ म्हणाल्या. "आपल्याच घरात, त्या मोठ्या पेट्यायतून. मंग काय म्हनतात पाहू."

त्या दिवशी सकाळी अँटेना चढली आणि लाइट गेली. दुपारभर नव्हती. सर दर थोड्या वेळानं बल्बकडे बघत फिरत होते. लोक येऊन बसले, काकूंनी चिवडा दिला, आणि लाइट आली. व्हॉल्व्ह उजळू लागले. सगळे नियमाप्रमाणे गप्प झाले. त्याच वेळी दारात टेम्पो थांबला आणि आत्या पाच-सहा बायकांसह पुढच्या दारानं आत आल्या. बांगड्या, आरसे, हसणं. एवढ्या वर्षांत पुढच्या दारानं आलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

प्राचार्य उठून उभे राहिले. "या, या. सर, ह्या कोण?"

सरांचा हात ट्यूनरच्या बटनावर होता. ते म्हणाले, "ह्या... महागावकडच्या. गातात."

आत्यांचं हसू चेहऱ्यावर राहिलं, पण त्याला पुढं जायला जागा उरली नाही. त्या खाली सतरंजीवर बसल्या. बाकीच्या बायका त्यांच्यामागे बसल्या. काकू दाराशी चिवड्याचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच राहिल्या. मला कुठं बघावं कळेना. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

सरांनी काटा फिरवायला घेतला. काटा नांदेडवरून गेला, पुढं गेला, आणि काचेच्या शेवटी जाऊन थांबला. नुसती खरखर. त्यांनी मागं आणला, पुन्हा नेला. पुन्हा थांबला. मग ते वाकून काचेवरचे आकडे वाचू लागले, आणि त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसला. काच शंभरावर संपत होती. तो ट्यूनर बनला त्या काळी तिकडे एफएमचा पट्टाच शंभरापर्यंत असे, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. यवतमाळचं स्टेशन शंभराच्या पुढं आहे. हे यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही पोराला मोबाइलवर लावून ठाऊक असतं.

"काय झालं, सर?" कोणीतरी विचारलं.

"थांबा. गरम होतोय," सर म्हणाले. ते खोटं होतं. खोटं बोलताना मी त्यांना त्या दिवशी दुसऱ्यांदा ऐकत होते.

त्यांनी बटन पिरगाळलं तसा काटा कडेला टेकून थरथरला. सागवानाच्या दोन कपाटांतून खरखर बाहेर पडत राहिली. आत्या घड्याळाकडे नाही, भावाच्या पाठीकडे बघत होत्या. काकूंनी ताट खाली ठेवलं आणि त्या आत गेल्या. आतून एक बारका, पत्र्यासारखा आवाज सुरू झाला. पिठाच्या डब्यामागे काकूंचा वीतभर लांबीचा प्लास्टिकचा रेडिओ होता. आम्हा कोणालाच तो ठाऊक नव्हता, सरांनाही नाही. बायका एकदम उठल्या आणि आत धावल्या. हॉलमध्ये आम्ही स्टाफचे लोक, सर आणि खरखर.

प्राचार्य म्हणाले, "सर, ते बंद करता का? आतलं ऐकू येईन."

सरांनी अँप्लिफायर बंद केला.

गाणं अर्ध्यावर होतं. होळीचं, लेंगीचं गाणं. एका बाईनं उंच उचललेला आणि बाकीच्यांनी झेललेला सूर. एवढ्याशा रेडिओतून तो स्वच्छ येत नव्हता, पण येत होता. गाणं संपल्यावर निवेदिकेनं विचारलं, गाण्याची आवड कशी लागली? आणि आत्यांचा आवाज वऱ्हाडीत म्हणाला:

"माह्या धाकट्या भावापायी. थो लहान असतानी लय रडे, बाप्पा. आमची याडी, म्हंजे माय, वावरात जाये. मंग मीच त्याले खाकेत घेऊन गात बसत होती. गानं थांबलं का थो पुन्हा रडे. आता थो उमरखेडले कॉलेजात प्रोफेसर हाय. त्याच्या घरी लय मोठा रेडिओ हाय. हे गानं लागन त्या दिवशी आमी समद्या तिथंच बसून ऐकनार हाओत."

आत बायका खळखळून हसल्या. आत्यांचं हसणं त्यात होतं की नाही, मला ओळखता आलं नाही.

हॉलमध्ये कोणी कोणाकडे बघितलं नाही. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. भूगोलाचे सर चिवड्यातले शेंगदाणे एकेक करून निवडत राहिले. शास्त्रीय गायन सुरू व्हायच्या आत, कोणाला काही काम आठवलं, कोणाची बस होती, असं करत सगळे उठले. सर दारापर्यंत पोचवायला आले नाहीत. ते ट्यूनरमागे वाकून वायरी गुंडाळत होते. जोडलेल्याच वायरी सोडवायच्या आणि गुंडाळायच्या.

आत्याही निघाल्या. सकाळी वेचणीला जायचं होतं. "येतो रे, भिया," त्या हॉलच्या दारातून म्हणाल्या.

"हो," सर म्हणाले. पाठ न वळवता.

त्यानंतर कित्येक दिवस खालून काही ऐकू आलं नाही. मिक्सर लावला तरी चाललं असतं, पण माझं मन होईना. मग एका दुपारी स्टाफरूममध्ये, सगळे असताना, सर उभे राहिले. वर्गात उभे राहतात तसे. म्हणाले, "त्या रविवारी ज्या बाई आल्या होत्या, त्या माझ्या थोरल्या बहीण आहेत. मी ते सांगितलं नाही."

प्राचार्य गडबडले. "बसा न, सर. आमाले माहीत होतं."

"रेडिओवर ऐकलंत म्हणून."

"नाई, त्याच्या आधीपासून. कधीचंच. बाईंले तेवढं पाह्यलं नोतं."

सरांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. कोणीच नाही म्हणालं नाही. मामा चहाचे कप मांडत होते. ते हळूच म्हणाले, "सर, माह्या मावशीचं घर तुमच्या तांड्याच्या बाजूलेच हाय. लहानपणी तुमच्या आयच्या हातची भाकर खाल्ली मी."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तुमाले आवडलं नसतं."

सर खाली बसले. इतकी वर्षं ते जे सांभाळत आले होते, ते आम्ही सगळे मिळून त्यांच्यासाठी सांभाळत होतो. त्यात दया होती का भीड, की आम्हालाही तेच सोयीचं होतं, ह्याचा विचार केला की अजून अंग चोरल्यासारखं होतं. त्या दिवशी मामांचं एक वाक्यही सरांनी दुरुस्त केलं नाही. मामांनाच चुकल्यासारखं झालं.

ट्यूनर त्यांनी परत पाठवला नाही. उघडून, आतल्या तारेच्या गुंडाळ्या सरकवून त्यांनी पट्टा पुढं नेला आणि यवतमाळ आणलं. त्यामुळे काचेवरचे आकडे खोटे झाले. त्याचा आवाज सुंदर होता. ऐकायला त्यांनी कोणालाही बोलावलं नाही.

नंतरच्या एका रविवारी सकाळी ते जिना चढून वर आले. "मॅडम, मी महागावकडे चाललो आहे. येता का?"

मी काकूंना विचारलं, तुम्ही का नाही जात? त्या म्हणाल्या, "मी गेली त मीच बोलत राह्यते, अन् ते माह्यामांगं लपतात. तुमी जा."

महागावपर्यंत एसटी, पुढं ऑटो. तांड्यावर घराला कडी होती. शेजारणीनं वावराकडे हात केला. आत्या ओटी बांधून कापूस वेचत होत्या. आम्हाला बघून थांबल्या नाहीत. बोंडावरून बोंडावर हात चालू ठेवत म्हणाल्या, "आव, भिया. मॅडमले पानी देल्लं का कोनं?"

सर धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभे होते. बूट घातलेले, पॅन्टची इस्त्री मोडलेली नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, ही माझी बहीण."

"हे इले कायले सांगतं?" आत्या म्हणाल्या. "मी इच्याजवळ बसून चहा पेली हाय."

"सांगायचं राहिलं होतं."

आत्यांचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. रागानं नाही, बाजारात भाव विचारावा तसं सरळ विचारलं, "मंग त्या दिवशी काहून नाई सांगतलं?"

सरांनी शर्टाची बाही सारखी केली. मला वाटलं आता काहीतरी नीटनेटकं, छापल्यासारखं येईल. ते म्हणाले, "लाज वाटली."

"कायची?"

सर वाकून पॅन्टला लागलेलं कुसळ काढू लागले. मी दुसरीकडे बघू लागले. आत्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग पुन्हा बोंडाला हात घातला. दोन झाडं वेचून झाल्यावर, पाठमोऱ्याच, त्या म्हणाल्या, "आज राह्यतं का जातं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी जाईन एकटी. ऑटो थांबलाय."

"राहतो," सर म्हणाले.

उमरखेडला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. काकू दारातच होत्या. माझ्यामागे कोणी उतरत नाही हे बघून त्यांनी विचारलं, "सर?"

"राहिले. तांड्यावर."

"राह्यले? रातीचे?"

मी मान डोलावली. त्या पायरीवर बसल्या. त्या लग्न होऊन आल्यापासून सर तिथं एकदाही मुक्कामाला राहिले नव्हते. आई गेली त्या दिवशीसुद्धा संध्याकाळच्या गाडीनं परत आले होते. काकूंनी पदरानं तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि मग, जणू काळजीचं तेवढंच उरलं होतं असं, म्हणाल्या, "थंडी हाय. गोदडी देल्ली असन न त्याहिले?"